यातले कोणते पाच काढून टाकू?

पोर्टफोलिओची लिंक पाठवून 'कसे वाटले फोटो?' विचारलं की 'मस्त', 'कडक', 'एक नंबर' हीच उत्तरं येणार. दोष प्रश्नाचा आहे. त्याऐवजी विचारा, 'यातले पाच काढून टाकायचे झाले तर कोणते?' मग भिडस्त माणूसही बोलायला लागतो.

त्याआधी फोटो 20 वर आणा. 60 पाठवलेत तर बघणारा नुसता अंगठा सरकवतो. भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे एकाच सकाळचे सहा असतील तर एकच ठेवा, आणि उडत्या पक्ष्याच्या पंखाचं टोक फ्रेमबाहेर गेलं असेल तर तोही नको.

फाइल एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस (रंगांचा पल्ला) एसआरजीबी, म्हणजे बहुतेक स्क्रीनना चालणारी, लांब बाजू 2048 पिक्सेल, जेपेग क्वालिटी 80 च्या आसपास. अडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या कलर स्पेसमध्ये ठेवलेली फाइल अपलोड होताना तिचं कलर प्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंद, गळून पडलं, तर भगवी पताका विटलेली दिसते आणि लोक म्हणतात 'रंग फिके आहेत'. 'फार काळोखे आहेत' असं बरेच जण म्हणाले तर लॅपटॉपचा ब्राइटनेस बघा. तो पूर्ण वाढवून एडिट केलेले फोटो इतरांकडे काळवंडलेलेच दिसतात. पोर्टफोलिओ उभ्या धरलेल्या मोबाइलवरही उघडून पाहा. राजगडाचा पॅनोरमा तिथे पट्टीएवढा होतो.

विचारायचं तिघांना: एक फोटो काढणारा, एक डिझाइन किंवा मांडणीचं काम करणारा, आणि एक कॅमेऱ्याशी काडीचा संबंध नसलेला. घरचे नकोत, ते फोटोऐवजी तुम्हाला बघतात. तिसऱ्याला दुसऱ्या दिवशी फोन करून एवढंच विचारा, कोणते आठवतात? आठवलेले तीन-चार फोटो सुरुवातीला घ्या.

हा तिसरा माणूस दुखतंय कुठे ते बरोबर सांगतो, औषध मात्र बहुतेकदा चुकीचं देतो. उदाहरणाला वारीतल्या टाळकऱ्याचा फोटो घ्या. तो म्हणतो, 'गर्दी फार आहे, ब्लर करा.' 200 टक्के झूम करून कडा तपासल्या की खरं कारण सापडतं: डावीकडे कुणाचं तरी अर्धं कोपर, आणि टाळकऱ्याच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब. कोपर क्रॉपमध्ये जातं. खांब जात नाही. त्यासाठी फोटो काढतानाच अर्धं पाऊल बाजूला सरकायला हवं होतं. त्याची पांढरी टोपी हिस्टोग्रामच्या (फोटोतला काळोख-उजेड दाखवणाऱ्या आलेखाच्या) उजव्या भिंतीला चिकटली, म्हणजे पार पांढरी झाली असेल तर तिची वीण जेपेगमध्ये परत येत नाही, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) थोडीफार येते. भर दुपारच्या पांढऱ्या कपड्यांना फोटो काढतानाच कॅमेऱ्याचं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे 0.7 वर ठेवून बघा.

मतं ऐकताना खुलासे करू नका. पहाटे चारला उठलात, पावसात भिजलात, हे फोटोत दिसत नाही. तिघांपैकी दोघांनी एकच फोटो काढायला सांगितला तर तो काढाच, भले तुमचा लाडका असो. एकाला क्रॉप हवा, दुसऱ्याला नको, अशी भांडणं मात्र खुशाल सोडून द्या. ती आवडीनिवडीची असतात.

लिंक कुणाच्याही हाती जाऊ शकते, म्हणून एक्स्पोर्ट करतानाच फाइलमधलं जीपीएस लोकेशन काढून टाका. घरट्यावरच्या पक्ष्याचा फोटो असेल तर गावाचं नावही लिहू नका.