बँकॉकची एक संध्याकाळ, याओवारात रस्त्यावर

बँकॉकला जाणार असाल तर एक संध्याकाळ मॉलसाठी खर्च करू नका, ती चायनाटाउनमधल्या याओवारात रस्त्यासाठी ठेवा. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी रस्त्यावरच्या बऱ्याच खाऊगाड्या लागत नाहीत.

मी चाओ फ्राया नदीतून केशरी झेंड्याच्या बोटीने गेले. राचावोंग धक्क्यावर उतरले आणि आधी सांपेंगच्या गल्लीत शिरले. १७८२ साली राजवाड्यासाठी जागा हवी म्हणून चिनी व्यापाऱ्यांना तिथून उठवून इकडे वसवलं, त्यातून हा चायनाटाउन वाढला. गल्ली अजूनही घाऊक बाजाराचीच आहे: बटणं, रिबिनी, मणी, खेळणी. मालाची हातगाडी आली की अंग चोरून दुकानाच्या पायरीवर चढायचं.

याओवारात दिवसा सोन्याच्या पेढ्यांचा रस्ता असतो. दिवे लागले की फुटपाथवर टेबलं मांडली जातात, कढया तापतात आणि मिरीचा वास नाकात शिरतो. तो कुआय जापचा: पांढऱ्या मिरीचा झणझणीत रस्सा, त्यात गुंडाळी झालेल्या तांदळाच्या नूडल्स आणि कुरकुरीत डुकराचं मांस. पहिल्या घोटाला कान गरम झाले, तरी वाडगा खाली ठेववेना. नूडल्सच्या टेबलावर फिश सॉस, साखर, मिरचीपूड आणि मिरच्या मुरवलेलं व्हिनेगर असतं. आंबट, गोड, तिखट आपापलं जुळवून घ्यायचं. मला ही पद्धत मनापासून आवडली, पण आधी रस्सा तसाच चाखा, मग बरण्यांना हात लावा.

शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांतलं ‘जे’ शोधा, थाई अक्षर आधीच फोनमध्ये ठेवा. त्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो! आपल्याकडच्या कित्येकांची चिंता तिथेच मिटेल.

रस्त्याच्या पूर्व टोकाला वाट त्राईमित हे बौद्ध मंदिर आहे. तिथली साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती कित्येक वर्षं गिलाव्याखाली झाकलेली होती. १९५५ मध्ये हलवताना गिलावा फुटला आणि सोनं दिसलं. ती बघायची तर खाण्याच्या आधी, दिवसाउजेडी जा.

शेवटी आंबा आणि चिकट भात घेतला. आंबा नाम डोक माई जातीचा, हापूसइतका सुगंधी नाही, पण रेषा अजिबात नाही. वरून ओतलेल्या नारळाच्या दाट दुधात मीठ असतं, आणि त्या मिठामुळेच मी दुसरी बशी मागवली.

परतीला वाट मांगकोन मेट्रो स्टेशन अगदी जवळ पडतं.