तुम्ही विचारलंत म्हणून: गल्ल्यामागचा पिवळा झेंडा

परवा पुन्हा एका मुलाने विचारलं. नवीन क्लाउड किचन काढलंय त्याने, मेहनती आहे. माझ्या फरसाण-चकलीच्या दुकानात गल्ल्याच्या मागे बोट दाखवून म्हणाला, काका, तुम्ही चिंचवडचे, मग हा चेन्नईचा झेंडा कशाला, आणि आयपीएलच्या सीझनला सगळे ऑफर लावतात तर तुमच्याकडे साधा दहा टक्के डिस्काउंट पण का नसतो? हे दोन प्रश्न गेली सात-आठ वर्षं कोणी ना कोणी विचारतंच, गिऱ्हाईक, भाचा, व्यापारी मंडळातले लोक, आणि मी दर वेळी "असंच, आवडतं" म्हणून विषय बदलतो. आता एकदा नीट लिहून टाकतो. दोन्हीचं उत्तर एकच आहे.

आधी एक सांगतो, मी पुण्याच्या टीमला सोडून गेलेलो नाही. हे कोणी बोललं की फार लागतं. पुणे वॉरियर्स होते तेव्हा गहुंजेच्या स्टेडियमला जाऊन घसा बसेपर्यंत ओरडलोय, ती टीम २०१३ ला बंद झाली. २०१६ ला सुपरजायंट्स आले तेव्हा पुन्हा तेवढाच जीव लावला, आणि ती टीम दोनच वर्षांची आहे, चेन्नई आणि राजस्थानवर बंदी आहे तोवरची आहे, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं तरी लावला. टीम वाईट होती का? अजिबात नाही. धोनी आपल्याकडे होता, इंग्लंडच्या स्टोक्सला साडेचौदा कोटी मोजले होते, २०१७ ला फायनल खेळली आणि मुंबईकडून एका रनने हरली. एका रनने! तरी आज त्या टीमची जर्सी कपाटात जपून ठेवलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. तो एक रन निघाला असता आणि कप आला असता तर फरक पडला असता का? तेव्हा मला वाटायचं हो, शंभर टक्के. आता वाटतं नाही. पण छातीठोकपणे नाही सांगू शकत.

त्या फायनलच्या वेळचंच सांगायचंय. हे मी घरच्यांशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

२१ मे २०१७, रविवार. मी शुक्रवारपासूनच फ्लेक्स लावला होता, पुणे जिंको नाहीतर हरो, रविवार-सोमवार अर्धा किलो फरसाणावर पाव किलो फ्री. फेसबुकवर पैसे भरून जाहिरात केली. मला कुठल्यातरी सेमिनारमध्ये सांगितलं होतं की माहोल असतो तेव्हाच मार्केटिंग करायचं, लाट असते तेव्हाच बोट सोडायची, आणि मला ते पटलं होतं. तिन्ही कढया फरसाणावर लावल्या. आमचा जुना आचारी, बारा वर्षं माझ्याकडे होता, तो म्हणाला की शेठ, मुंजीची ऑर्डर राहिलीय. मी म्हटलं होईल.

ऑर्डर होती एका काकूंची. चौदा वर्षांचं गिऱ्हाईक, दिवाळीला, गौरी-गणपतीला, अमेरिकेला मुलीकडे पाठवायला, सगळं आमच्याकडून. नातवाची मुंज मंगळवारी, बारा किलो चकली, सोमवारी संध्याकाळी द्यायची कबूल केली होती. सोमवारी दिवसभर दुकानासमोर रांग, मी खुशीत, हरलो त्याचं दुःखही विसरलो, आणि रात्री आठला त्यांचा मुलगा ऑर्डर न्यायला आला तेव्हा तयार चकली होती पाच किलो.

मग मी जे केलं ते लिहितो. मुलाला म्हटलं तुम्ही जा, मी घरी पोचवतो. स्कूटर काढली, दोन दुकानं सोडून तिसऱ्या दुकानातून सात किलो चकली विकत घेतली, आमच्या छापील पिशव्यांत भरली आणि रात्री दहाला त्यांच्या दारात नेऊन दिली. त्यांनी आत बोलावलं, सरबत दिलं, माझे आभार मानले.

गुरुवारी काकू आमच्या दुकानात आल्या. पर्स उघडून पूर्ण बारा किलोचे पैसे मोजून काउंटरवर ठेवले. मी म्हटलं काकू, घाई काय होती. त्या म्हणाल्या, "सात किलोची भाजणी तुमची नव्हती. मला सांगितलं असतंत तर मी पाच किलोत भागवलं असतं." आवाज चढवला नाही, दुकानात इतर लोक होते त्यांना कळलंही नसेल. मी नंतर तीन वेळा त्यांच्या घरी गेलो, दर वेळी चहा दिला, दुकानात मात्र परत पाऊल टाकलं नाही. आणि ते पाव किलो फ्रीवाले? महिनाभरात त्यातले चार-पाच चेहरेसुद्धा परत दिसले नाहीत. आचारीही जूनमध्ये गावी गेला, म्हणाला हात भरून येतात, पण कारण ते नव्हतं, मला माहितीये.

पुढच्या वर्षी, २० एप्रिल २०१८, पोराने जबरदस्तीने गहुंजेला नेलं. कावेरीच्या पाण्यावरून तामिळनाडूत चाललेल्या आंदोलनामुळे चेन्नईच्या घरच्या मॅच पुण्याला हलवल्या होत्या. मला वाटलं स्टेडियम अर्धं रिकामं असणार, दुसऱ्याच्या गावात कोण येतंय. आत पाय ठेवला तर सगळं पिवळं. चेन्नईहून अख्खी ट्रेन भरून माणसं आली होती, हजाराच्या आसपास, फॅन क्लबने केलेली सोय. माझ्या शेजारी असाच एक माणूस होता, माझ्याच वयाचा, रात्रभर बसून आलेला आणि मॅच संपली की परत ट्रेनमध्ये बसणार. मोडक्या हिंदीत त्याला विचारलं, दोन वर्षं टीमच नव्हती, मग काय केलंत? तो म्हणाला, वाट बघितली. एवढंच.

त्या दिवशी चेन्नईच्या वॉटसनने शंभर मारले. छत्तीस वर्षांचा माणूस, चार कोटींना घेतलेला, लोक त्या टीमला म्हाताऱ्यांची टीम म्हणून हसत होते. धोनी, रैना, जडेजाला त्यांनी ठेवलंच होतं, ब्राव्हो आणि डुप्लेसिसला लिलावात जुन्या खेळाडूंवरचा हक्क वापरून परत आणलं. बंदीनंतर कोरी पाटी मिळाली होती, सगळी नवीन, तरुण टीम घेता आली असती, पण त्यांनी ओळखीचे चेहरे परत आणले. मला तिथे स्टँडमध्ये बसून आमचा आचारीच आठवत होता. पुढच्या आठवड्यात पाटणजवळ त्याच्या गावी गेलो, माफी मागितली, तो लगेच आला नाही, दिवाळीच्या आधी आला. झेंडा त्या मॅचच्या दिवशी स्टेडियमबाहेर घेतलेला आहे.

त्या वर्षी कप त्यांनीच नेला, फायनलला वॉटसनला पहिला रन काढायला अकरा बॉल लागले आणि शेवटी नाबाद ११७. पण मला कोणी चॅम्पियनकडून काय शिकायचं विचारलं की कप सांगावासा वाटत नाही, ट्रेन सांगावीशी वाटते. कपच्या दिवशी कोणीही येतं.

आता तुम्ही म्हणाल, आणि मी स्वतःलाही म्हणतो, की हे सोपं करून सांगितलंय. चेन्नईने आधी २०१० आणि २०११ ला कप जिंकलेत, त्यांच्याकडे धोनी आहे, मालकाकडे सिमेंट कंपनीचा पैसा होता, मग लोक थांबले यात नवल काय? आणि बंदी कशामुळे आली होती? सट्टेबाजीच्या प्रकरणात टीमचाच अधिकारी सापडला म्हणून. तरी लोक थांबले. मग ती निष्ठा चांगली का आंधळी? काकूंनी मला सात किलोसाठी सोडलं आणि तिकडे त्याहून मोठ्या गोष्टीला माफी. याचं उत्तर माझ्याकडे नाही. बेंगळुरूकडे सतरा सीझन कप नव्हता तरी स्टेडियम भरायचं, आणि मुंबईने पाच कप जिंकले तरी २०२४ ला वानखेडेवर स्वतःच्याच कॅप्टनची, हार्दिक पंड्याची, हुर्यो झाली, कारण लोकांचा माणूस, रोहित शर्मा, बाजूला केला असं लोकांना वाटलं. म्हणजे माझ्या म्हणण्याला आधार आहे. पण लाटेवर बोट सोडून मोठे झालेलेही माझ्या डोळ्यासमोर आहेत, दोन दुकानं पलीकडच्याच्या आज तीन शाखा आहेत, माझं एकच दुकान आहे. मुलगा मला हे ऐकवतो आणि तो चुकीचं बोलत नाही.

म्हणून मी डिस्काउंट लावत नाही. ऑर्डर पूर्ण होणार नसेल तर घेतानाच सांगतो, लोक नाराज होऊन जातात, धंदा जातो, जाऊदे.

गेल्या दिवाळीत त्या काकूंची सून आली होती. पाव किलो चकली घेतली, फक्त पाव किलो. घरी कोणासाठी, ते मी विचारलं नाही.