कोहिमा : टेनिस कोर्ट बघून परत फिरू नका

नागालँडमधल्या कोहिमाची दुसऱ्या महायुद्धातली युद्धभूमी ‘तासाभरात होते’ म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका. दिमापूरला ‘वॉर टूर’ म्हणून दिवसभराचं भाडं घेतात आणि टीसीपी गेट या चौकात उतरवून, युद्धात पडलेल्या सैनिकांची स्मशानभूमी (टेनिस कोर्ट तिच्यातच आहे) दाखवून मोकळे होतात. शेअर सुमोने या, उरलेलं पायी करा.

आधी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना. ते आता दिमापूरलाही लागतं, ऑनलाइन काढून दोन छापील प्रती ठेवा. दिमापूर ते कोहिमा 74 किलोमीटर. चुमुकेदिमा सोडल्यावरचा घाट पावसाळ्यात भरवशाचा नाही. दरड येते, दगड सुटतात, चिखलात रांग लागते. जून ते सप्टेंबर जाऊच नये, आणि गेलात तर त्याच दिवशीचं परतीचं विमान धरू नका. 1 ते 10 डिसेंबर हॉर्नबिल महोत्सव असतो, तेव्हा खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात. रविवारी गाव बंद, जेवण शनिवारीच बघून ठेवा. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो.

आता खरा मुद्दा. 4 एप्रिल 1944 ला सुरू झालेला जपान्यांचा वेढा एका टेकडीचा नव्हता, टेकड्यांच्या दक्षिणोत्तर कण्याचा होता : जीपीटी रिज (वाहतूक तळ), जेल हिल, डीआयएस आणि एफएसडी (लष्करी पुरवठ्याचे तळ), कुकी पिकेट, शेवटी गॅरिसन हिल. आत ब्रिटिश-भारतीय फौजेची सुमारे 1500 लढाऊ माणसं, मुख्यतः रॉयल वेस्ट केंटची चौथी बटालियन आणि आसाम रेजिमेंट. समोर जपानी जनरल सातोची 31 वी डिव्हिजन. म्हणून दक्षिणेकडून चालत या. एकेक टेकडी पडत गेली तसा घेरा कसा आवळला, हे पायांनाच कळतं. आज तिथे घरं आणि कचेऱ्या आहेत, पाट्या जवळजवळ नाहीत. जुना नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, नाहीतर नुसती चढण होईल.

जीपीटी रिज गेली तेव्हा पाण्याची मुख्य वाट तुटली. मग रात्री, जपानी रेषेला खेटून असलेल्या झऱ्यावरून पाणी आणायचं. विमानातून टाकलेल्या सामानातलं बरंच जपान्यांच्या हाती पडलं. बाहेरून तोफांचा आधार फक्त जोत्सोमा गावातल्या ब्रिटिश-भारतीय फौजेचा. तिथेही थांबा, दिमापूरकडून येताना कोहिमाच्या आधी लागतं. पहिली कुमक 18 एप्रिलला पोचली, 20 ला थकलेली फौज बाहेर निघाली. गॅरिसन हिलवरचं, उपायुक्तांच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट मात्र 13 मेला परत हाती आलं, रणगाडा वर चढवल्यावर. कोर्टाची लांबी 24 मीटरही नाही, दोन कडांना दोन सैन्यं. सिमेंटमध्ये आखलेल्या रेषांवर उभं राहिल्याशिवाय ते अंतर पटत नाही.

आपले बहुतेक लोक खालच्या कबरींमध्ये भारतीय नावं शोधतात आणि ‘फारशी नाहीत’ म्हणून उतरतात. चूक. दहन झालेल्या 917 हिंदू आणि शीख सैनिकांची नावं वरच्या टोकाच्या दहन-स्मारकावर आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव आधी शोधून फलक क्रमांक टिपून जा. उन्हात शोधत बसण्यात अर्धा तास जातो.

मराठा लाइट इन्फंट्रीसाठी आला असाल तर ही जागा नाही. पाचव्या मराठाची चौथी बटालियन मार्च 1944 मध्ये सांगशाकला लढली, मणिपूरच्या उखरुलकडे. तिथली परिस्थिती ताजी विचारूनच बेत करा, परमिटही वेगळं. किसामाचं युद्धसंग्रहालय कोहिमाहून 12 किलोमीटरवर, वेळ असेल तर.