गोव्यात एफआयआर आणि अटकेचे कागद मिळवायचे असतील तर

‘अमक्याला पोलिसांनी उचलले होते म्हणे, त्याची नोंद कुठे पाहायला मिळेल?’ हा प्रश्न भाडेकरू ठेवणारे, सोयरीक जुळवणारे आणि अपघाताची भरपाई मागणारे असे सगळेच विचारतात, आणि सगळ्यांना एकच उत्तर हवे असते. तसे उत्तर नाही. कोणीही जाऊन एखाद्याचे नाव सांगावे आणि त्याच्या अटकांची यादी हाती घ्यावी, असे खुले दफ्तर आपल्याकडे नाही. जे आहे ते पोलीस स्थानक, पोलीस अधीक्षकांचे कार्यालय आणि न्यायालय यांत विखुरलेले आहे, आणि कोणत्या कागदावर कोणाचा किती हक्क आहे हे कायद्याने वेगवेगळे ठरवले आहे. म्हणून आपल्याला नेमका कोणता कागद हवा आणि त्या प्रकरणात आपण तक्रारदार आहोत, आरोपी आहोत की तिसरेच कोणी, हे आधी ठरवावे. निम्मी पायपीट तिथेच वाचते.

सुरुवात एफआयआरपासून, म्हणजे पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्याच्या पहिल्या खबरीपासून करावी, कारण पुढचे सगळे कागद त्याच्याच क्रमांकाने ओळखले जातात. छापील नमुन्याच्या अगदी वर जिल्हा, पोलीस स्थानक, वर्ष, एफआयआर क्रमांक आणि तारीख असते. त्याखाली कायदा व कलमे, आणि थोडे पुढे स्थानकाच्या दैनंदिनीतील नोंदीचा क्रमांक व वेळ. यांतील स्थानक, क्रमांक आणि वर्ष या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. वर्षावाचून नुसता क्रमांक कामाचा नाही, कारण क्रमांक दर वर्षी नव्याने सुरू होतात. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्याने कलमेही बदलली आहेत: 2019 सालच्या चोरीवर भारतीय दंड संहितेचे कलम 379 दिसेल, आजच्या चोरीवर भारतीय न्याय संहितेचे 303. जुना कागद शोधताना नवे कलम सांगितले, तर समोरचा कारकूनही गोंधळतो.

तक्रारदाराला किंवा पीडित व्यक्तीला एफआयआरची प्रत विनामूल्य आणि तत्काळ द्यायची, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते. ‘साहेब आल्यावर या’ हे त्यावरचे कायदेशीर उत्तर नव्हे. आरोपीसाठी सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर स्पष्ट निर्देश दिले: आरोपीने स्वतः किंवा त्याच्या वतीने कोणी अर्ज करून शुल्क भरल्यास पोलिसांनी 24 तासांत प्रमाणित प्रत द्यावी. त्याच निकालाने एफआयआर 24 तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्यास सांगितले आणि दुर्गम भागांसाठी ही मुदत 72 तासांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली. लैंगिक गुन्हे, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. एखादा एफआयआर संवेदनशील ठरवून रोखण्याचा निर्णय उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याला घेता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

गोवा पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर पाहण्याची सोय आहे आणि तिसऱ्या माणसासाठी तोच सर्वांत सरळ मार्ग आहे. तिथे हमखास घोटाळा होतो तो स्थानक निवडताना. घटना कळंगुटला घडली म्हणून गुन्हा कळंगुट स्थानकातच नोंद झाला असेल, असे नाही. गांजा पकडला असेल तर तो अमली पदार्थविरोधी विभागाकडे असू शकतो, ऑनलाइन फसवणूक असेल तर रायबंदरच्या सायबर स्थानकात, आणि रेल्वेगाडीतली चोरी असेल तर मडगावच्या कोकण रेल्वे पोलिसांकडे. शिवाय हद्द न पाहता कुठल्याही स्थानकात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो; तो पुढे योग्य स्थानकाकडे वर्ग झाला की त्याला तिथला नवा क्रमांक पडतो. पहिल्या क्रमांकाने शोधणाऱ्याला मग काहीच सापडत नाही.

कित्येकदा एफआयआर सापडत नाही तो मुळात नोंदच झालेला नसतो म्हणून. शेजाऱ्याशी बाचाबाची, शिवीगाळ असल्या तक्रारी अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही अशा, म्हणून वेगळ्या नोंदवल्या जातात. तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत तर उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद नव्या कायद्याने आणली आहे, आणि माझ्या मते तिने तक्रारदाराला अधांतरी ठेवण्याची चांगलीच सोय केली. अशा वेळी हातात काय आहे? तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला असेल तर पुष्कळ आहे; नसेल तर काहीच नाही. तो शिक्का घेतल्याशिवाय स्थानकाबाहेर पडू नये. गुन्हा नोंदवण्यास नकार मिळाला, तर तक्रार लेखी स्वरूपात अधीक्षकांकडे पाठवता येते, उत्तर गोव्याच्या पर्वरीला आणि दक्षिण गोव्याच्या मडगावला. त्यानेही भागले नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

आता अटकेचे. घरातल्या माणसाला नेले आहे आणि कुठे नेले ते कळत नाही, ही वेळ कागद शोधण्याची नसते, पण कायदा नेमका तिथेच मदतीला येतो. सुरक्षा संहितेच्या कलम 37 नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस स्थानकात, साहाय्यक उपनिरीक्षकाहून कमी नाही अशा दर्जाचा एक नियुक्त अधिकारी अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवतो, आणि ती स्थानकात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची असते. फलक दिसला नाही तर ‘नियुक्त अधिकारी कोण?’ असे विचारावे. अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेच्या वेळी पंचनाम्यासारखेच एक ज्ञापन (अरेस्ट मेमो) तयार होते, त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची प्रतिस्वाक्षरी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू प्रकरणातल्या निकालापासून चालत आलेली ही पद्धत आता कलम 36 मध्ये आहे. ज्ञापनावरची वेळ नीट पाहावी, कारण 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याचे घड्याळ अटकेच्या वेळेपासून चालते.

एकदा प्रकरण न्यायालयात गेले की काम सोपे होते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर न्यायालय संकुल आणि पोलीस स्थानक निवडून, एफआयआर क्रमांक व वर्ष टाकले की खटल्याची तारीख आणि टप्पा दिसतो. वर सांगितलेल्या तीन गोष्टी इथे उपयोगी पडतात. आरोपपत्र मात्र कोणालाही संकेतस्थळावर पाहता येईल असा कागद नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितले आहे. आरोपीला ते विनामूल्य मिळते. इतरांनी कारण देऊन न्यायालयाकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. परवानगी देणे न देणे न्यायालयाच्या हातात आहे. तपासाची केस डायरी तर आरोपीलाही मागता येत नाही.

राहिला माहिती अधिकार. केंद्राचा कायदा 2005 चा असला, तरी गोव्याने 1997 मध्येच आपला कायदा केला होता, याची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. अर्जात ‘माझ्या तक्रारीवर कारवाई का केली नाही?’ असे विचारू नये. ‘का’ची माहिती देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. ‘दिनांक अमुक रोजी अमुक आवक क्रमांकाने दिलेल्या माझ्या तक्रारीवर आजवर झालेल्या नोंदी, शेरे आणि चौकशी अहवाल यांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहावे. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. प्रश्न एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर 48 तासांची. पोलिसांचे ठरलेले उत्तर म्हणजे कलम 8(1)(एच), तपासात अडथळा येईल. पण तपास चालू आहे एवढेच कारण पुरेसे नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये भगत सिंग प्रकरणात म्हटले आहे. पहिल्या अपिलात हे वाक्य जरूर घालावे. दुसरे अपील 90 दिवसांच्या आत पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे जाते.

दुसऱ्याच्या अटकांची माहिती या वाटेने मागणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीचा अपवाद आणखी रुंद केला आहे आणि व्यापक जनहित दाखवता आले तरच तो ओलांडता येतो. भाडेकरूच्या बाबतीत त्यापेक्षा पोलीस स्थानकात रीतसर भाडेकरू पडताळणीचा अर्ज भरावा. सोयरिकीसाठी कोणाचे दफ्तर उघडायला निघालेल्यांशी मला फारशी सहानुभूती नाही. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, आणि अल्पवयीन मुलांच्या नोंदी तर कायद्यानेच झाकलेल्या आहेत.

स्वतःची नोंद स्वच्छ आहे हे दाखवायचे असेल, तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट घ्यावे. बोटीवर जाणाऱ्या तारवट्यांना आणि आखातात नोकरी धरणाऱ्यांना ते ठाऊक असते. परदेशासाठी ते पासपोर्ट सेवेमार्फत काढता येते आणि पडताळणी स्थानिक स्थानकाकडून होते. अडचण येते ती जुन्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्यांची. पोलीस दफ्तरातली नोंद निकालानंतर लगेच अद्ययावत होईलच असे नाही, आणि पडताळणीत जुना एफआयआर तेवढा वर येतो. अशा माणसाने न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवावी, तिची एक प्रत आपल्या हद्दीच्या पोलीस स्थानकात अर्जासोबत देऊन पोच घ्यावी, आणि मगच सर्टिफिकेटसाठी अर्ज भरावा.