मांडी घालून बसता येईल असं चिलखत

विज्ञानकथेतल्या पात्राचा वेष घेण्यासाठी घरी केलेली चिलखतं बहुतेक वेळा उभ्या माणसासाठी असतात. पाय रोवून फोटो काढला की त्यांचं काम संपतं. मला तसं नको होतं. इंदूरमध्ये आमच्या लोकमान्य नगरात गणपतीची आरती झाली की सगळे सतरंजीवर बसतात. मला चिलखत घालून त्याच सतरंजीवर मांडी घालायची होती, हातात खिरापत घ्यायची होती आणि कुणाचा हात न धरता उठायचं होतं. बाकी सगळं त्यावरून ठरलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे गुडघे आणि खांदे किती अंशात हलतात हे मोजणं माझं रोजचं काम. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो, जिना चढताना ९० च्या आसपास. मांडी घालताना तो बहुतेकांचा १३० च्याही पुढे जातो, शिवाय मांडीचं हाड खुब्यात बाहेरच्या बाजूला फिरतं. म्हणून मांडीवरचं कवच मागून मोकळं ठेवलं, दोन रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर. पोटरीचं कवच मागच्या बाजूला चार बोटं खाली उतरवलं. गुडघ्यावरची कवचाची वाटी फक्त नडगीच्या कवचाला जोडली. ती वरही आणि खालीही पक्की केली तर पाय वाकताना कुठेतरी ताण येणारच, कारण गुडघा बिजागरीसारखा एकाच खिळ्याभोवती फिरत नाही. वाकताना त्याचा आस सरकत जातो.

खांद्याचं गणित मला सगळ्यात आवडतं. हात कानाला लागेपर्यंत वर नेला की १८० अंश होतात. त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्याचे आणि ६० पाठीवर सरकणाऱ्या पात्याचे, म्हणजे स्कॅपुलाचे. पुष्कळ लोक खांद्याचं कवच छातीच्या कवचालाच चिकटवतात, मग हात खांद्याच्या वर जात नाही. मी ते मानेजवळ एका पट्ट्याने टांगलं. पातं वर गेलं की कवचही वर जातं. आरतीत टाळ डोक्यावर नेऊन वाजवता येतो.

माझं पात्र योद्धा नाही. मंगळावरच्या वसाहतीत पाण्याच्या पाइपलाइनी दुरुस्त करणारी बाई आहे ती. मला कामकरी माणसांची चिलखतं जास्त खरी वाटतात. त्यांच्यावरचा प्रत्येक ओरखडा कुठून आला हे सांगता येतं.

साहित्य म्हणजे ईव्हीए फोम, इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. हलक्या चपलांचे तळवे आणि जिममधल्या एकमेकांत अडकणाऱ्या मॅट याच्याच असतात. छाती-पाठीला १० मिमी, हातापायांना ६ मिमी, वरच्या नक्षीला २ मिमी. कटर आणि पॉलिश पेपर सियागंजातून आणले, एलईडीच्या पट्ट्या आणि ५ व्होल्टचे दोन पंखे जेल रोडवरून. बकल एका बॅग दुरुस्त करणाऱ्या भैयांनी दिले आणि ते कसे शिवायचे तेही दाखवलं. फोम कापताना पातं सतत धारदार हवं. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं.

साचा अंगावरच घेतला. जुना कुर्ता घातला, जाऊबाईंनी त्यावरून स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म गुंडाळली, वरून चिकटपट्टी लावली, पेनाने रेषा आखल्या आणि कात्रीने कापून काढलं. सपाट तुकड्यांवरून छातीचा गोलावा आणायचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. त्यांनी आयुष्यभर ब्लाउज शिवले. साचा बघून म्हणाल्या, "अगं, हा कटोरीचा ब्लाउजच आहे की. इथे एक टक्स घे, इथे एक, आणि ही शिवण तिरपी ने." तसंच केलं. फोममध्ये टक्स म्हणजे पाचर कापायची आणि दोन्ही कडा जोडायच्या, पण भूमिती तीच.

आणि हे नुसतं घरगुती जमवून घेणं नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर घातलेले सूट ज्या आयएलसी कंपनीने केले, तिचाच दुसरा विभाग प्लेटेक्स नावाने बायकांची अंतर्वस्त्रं बनवत असे. एकावर एक अनेक थरांचे ते सूट शिलाई मशीनवर बसलेल्या बायकांनी शिवले. मी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, सूटचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि शिवणी तपासल्या. "काम स्वच्छ आहे," म्हणाल्या. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी दाद मिळत नाही.

चिकटवायला सोल्युशन, चपलांना लावतात तेच. दोन्ही कडांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं, मग जोडायचं. एकदा टेकलं की हलवता येत नाही. त्याची वाफ वाईट असते, म्हणून हे काम गच्चीवर आणि कार्बन फिल्टरचा मास्क लावून. त्याआधी हीट गन. गरम हवेने फोमवरची बारीक छिद्रं मिटतात, रंग शोषला जात नाही आणि वाकवलेला तुकडा थंड झाल्यावर तसाच राहतो.

रंगासाठी शेजारच्या काकांना बोलावलं. अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्यावरून जाणाऱ्या गिरण्यांच्या झांक्यांवर, म्हणजे चित्ररथांवर, त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण झांकी थांबली नाही. ती कामगारांनी चालू ठेवली, याचा त्यांना फार अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. त्यांचा सल्ला असा, की रात्रीच्या दिव्यांत बारीक छटा मरतात, तेव्हा प्रत्येक खाचेत काळपट तपकिरी भर आणि प्रत्येक कडेवर रुपेरी कोरडा ब्रश फिरव. मंगळाची धूळ मी गेरूची केली. मंगळ तांबडा दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडांमुळे, आणि गेरूही लोहाचं ऑक्साइडच. कुंड्या रंगवून उरलेला गेरू गुडघ्यांवर, कोपरांवर आणि उजव्या कुशीवर चोळला, कारण पाइपखाली शिरणारी बाई उजव्या कुशीवरच आडवी होणार. वरून मॅट वार्निश.

उकाड्याबद्दल मात्र कळकळीने सांगते. ईव्हीएमधून हवा जात नाही. घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो उडून गेला तरच शरीर थंड होतं, आणि भाद्रपदातल्या दमट संध्याकाळी कवचाखाली तो उडत नाही. हेल्मेटमध्ये एक पंखा हनुवटीपाशी हवा आत घेतो, दुसरा डोक्यामागून बाहेर टाकतो. पाठीवरच्या डब्यात पॉवर बँक आणि नळी लावलेली पाण्याची पिशवी आहे. पाण्यात मीठ-साखर. दर अर्ध्या तासाने हेल्मेट काढायचंच, समोर कितीही पोरं फोटोसाठी उभी असली तरी. चक्कर किंवा मळमळ वाटली तर सगळं लगेच उतरवून सावलीत बसा. म्हणून माझे सगळे बकल समोर आहेत, एका हाताने सुटणारे.

आरतीला बसले. गुडघे वाकले, वाटी जागेवर राहिली, खुब्यापाशी काही रुतलं नाही. उठतानाही हात टेकावा लागला नाही.

हातमोजे अजून व्हायचे आहेत. हातात २७ हाडं असतात आणि प्रत्येक बोटाच्या पेरावर कवचाचा वेगळा तुकडा हवा. खऱ्या अंतराळवीरांचीही हातमोज्यांत बोटं दमतात, नखं दुखावतात. सध्या २ मिमी फोमचे तुकडे कापडी हातमोज्यावर खवल्यांनी बसवून बघते आहे, प्रत्येक खवला फक्त मनगटाकडच्या कडेला शिवलेला. अंगठ्याच्या मुळाशी अजून कापड ओढलं जातं. तिथे सासूबाई म्हणतात, तिरप्या कापडाचा तुकडा घालू.