गुलाबी अंडं

बँकॉकच्या क्लोंग तोई बाजारात आज गडद गुलाबी अंडं उचललं आणि विचारलं, हे कुठल्या पक्ष्याचं?

मावशी म्हणाल्या, "बदक." मग शेजारच्या पांढऱ्या अंड्यांवर बोट ठेवून पुन्हा, "बदक."

पांढरी खारवलेली. गुलाबी म्हणजे 'खाय यिआव मा', चुना आणि राखेत मुरवलेली. आतला पांढरा भाग तपकिरी, पारदर्शक होतो. नावाचा अर्थ घोड्याच्या मुताचं अंडं! मूत कुठेच नसतं, वास तेवढा अमोनियाचा. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून गुलाबी रंग देतात.

अनोळखी गिऱ्हाईक चुकू नये म्हणून अंडंन् अंडं रंगवायचं, हे मला फार भावलं.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, "अगं, कुठल्या पक्ष्याचं?"