‘पाणी’ शोधलं, निघालं पुणे

बातम्यांच्या अ‍ॅपबद्दलच्या मागच्या नोंदीत ‘शोध जमला’ असं लिहिलं होतं, ते मागे घ्यावं लागतंय. शोधचौकटीत ‘पाणी’ टाकलं की पुण्याच्या बातम्यांचा ढीग पडतो. उजनी धरणात पाणी पुण्याकडूनच येतं हे खरं, पण अ‍ॅपला एवढा भूगोल कुठून कळणार?

अ‍ॅपच्या बातम्या एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये, आणि शोध त्याच्या एफटीएस५ या मजकूर-शोधाच्या सोयीवर. उलगडा झाला तो तिने कुठले शब्द नोंदले ते दाखवणारा एफटीएस५व्होकॅबचा तक्ता उघडल्यावर. शब्दांच्या यादीत सुटी अक्षरंच जास्त: क, त, च, ल. एसक्यूलाइटचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग), वेगळं सांगितलं नाही तर, युनिकोडच्या एल* (अक्षरं), एन* (अंक) आणि सीओ (खासगी वापराची चिन्हं) एवढ्याच वर्गांतली चिन्हं शब्दात धरतो. आपले काने, मात्रा, वेलांट्या, पायमोडकी अक्षरं करणारं हलन्त हे सगळं एमसी आणि एमएन या जोडखुणांच्या वर्गांत. त्याच्या लेखी काना म्हणजे स्वल्पविरामच. ‘पाणी’चे तुकडे प, ण; ‘पुणे’चेही प, ण. ‘सिद्धेश्वर’चे स, द, ध, श आणि वर ‘वर’! शोधशब्दही तसाच चिरला जातो, त्यामुळे बरोबर बातम्याही येतात आणि दोष दिवसेंदिवस लपून राहतो.

उपाय एका ओळीचा: टोकनायझरच्या कॅटेगरीज या पर्यायात एम* (सगळ्या जोडखुणा) जोडायचं. चालू तक्त्यावर मात्र ते होत नाही. शोधाचा तक्ता ड्रॉप (काढून टाकणं), नव्याने क्रिएट, मग रिबिल्ड (शब्दसूची पुन्हा भरणं). मजकूर वेगळ्या तक्त्यात असेल तरच हे बिनधास्त करा. एफटीएसच्याच पोटात ठेवला असेल तर आधी बाहेर काढा, नाहीतर ड्रॉपबरोबर बातम्याही जातील.

‘पाणी’ आता पाणीच देतं. पण ‘सोलापूर*’ला (* म्हणजे पुढे काहीही चालेल) सोलापूरकर सापडतो, ‘सोलापुरात’ नाही. मजकुराचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडणारा ट्रायग्राम टोकनायझर लावून पाहिला. तीन चिन्हांहून छोट्या शब्दाला तो काहीच देत नाही, आणि ‘ऊस’ दोनच चिन्हांचा. आपल्या जिल्ह्यात ऊस न सापडणारा शोध काय कामाचा?

म्हणून आता एक जादा रकाना: त्यात ई, ऊ आणि त्यांच्या खुणा सरसकट ऱ्हस्व. शोधशब्दही तसाच वळवायचा. ‘उस*’ला ऊस आणि उसाला दोन्ही मिळतात. निकालात दिसणारा बातमीचा उतारा मात्र ‘सोलापुर’ असा अशुद्ध दिसू लागला. बदल चिन्हास चिन्ह असल्याने जागा सरकत नाहीत, तेव्हा एफटीएस५च्या हायलाइट या फंक्शनने दिलेली जागा मोजून उतारा मूळ रकान्यातून कापायचा. एकच अपवाद: काही फीड (संकेतस्थळांकडून येणाऱ्या बातम्यांच्या याद्या) ‘दऱ्या’तला ऱ हा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा तीन चिन्हांनी लिहितात. बातमी साठवतानाच त्याचा ऱ आणि हलन्त करून घ्या. झेडडब्ल्यूजे नुसता पुसलात तर दऱ्यांचा दर्या होतो.

तारखांचं थोडक्यात: पबडेटमध्ये (फीडमधली प्रकाशनाची वेळ) +०५३० ऐवजी आयएसटी आलं, की पार्सर (तारीख वाचणारा भाग) ते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरून दुपारी १२ची बातमी संध्याकाळी ५.३०ला नेतो. पार्स करण्याआधी आयएसटीचं +०५३० करा, पण फक्त भारतीय फीडसाठी. आयर्लंड आणि इस्रायलही हीच अक्षरं वापरतात.

पुढे सामान्यरूपांचा कोश जोडायचा बेत होता, तो हे लिहितानाच रद्द. शोधशब्दाची शेवटची खूण काढून ‘पाण*’ केलं की पाणी, पाण्याचा, पाणीपुरवठा सगळं येतं. पाणबुडीही येईल, चालेल. ‘पूर*’ मात्र पुराबरोबर पुरस्कारही आणतो, म्हणून अ‍ॅपच्या ०.८ आवृत्तीत दोन फेऱ्या: आधी नेमका शब्द, त्याखाली ‘*’च्या शोधाचे निकाल.